गणपतीच्या शाळेतला साठा : मागणीआधी काय करून ठेवावे आणि कुठे थांबावे

सिंधुदुर्गात घरगुती गणपती हजारोंनी आहेत आणि सार्वजनिक मंडळे अगदी मोजकी. मालवण, वेंगुर्ले, देवगडपासून कुडाळ, कणकवली, सावंतवाडीपर्यंत बहुतेक गावांत किंवा जवळच्या वाडीत एक तरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा, असते. चतुर्थीच्या दिवशी या शाळेतून काही शे मूर्ती एका सकाळी बाहेर पडतात. त्यांतली जवळजवळ प्रत्येक मूर्ती दुसरीपेक्षा वेगळी असते, कारण प्रत्येक घराची उंची, आसन, पीतांबराचा रंग आणि मुकुटाची ठेवण ठरलेली असते. एवढे वेगवेगळे काम, एकच मुदत आणि मुदतीआधीचे तीन महिने पावसाचे. सगळ्यांची मागणी नक्की होईपर्यंत थांबले तर काम पुरे होणार नाही. सगळे आधीच पूर्ण करून ठेवले तर नको त्या रंगाच्या मूर्ती फळीवर राहतील.

एकाच वस्तूचे अनेक पर्याय असतात आणि त्यांतला कोणता कोण घेणार हे नक्की नसते, तेव्हा मागणीआधी माल किती आणि कुठपर्यंत तयार ठेवावा हा प्रश्न मोटारींच्या कारखान्यालाही पडतो आणि फर्निचरवाल्यालाही. कोकणातल्या मूर्तिकारांनी त्याची जी उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या वापरली, ती नीट मांडून पाहण्याजोगी आहेत.

पाट : मागणीची खूण

या भागातली जुनी रीत अशी, की चतुर्थीच्या बरेच दिवस आधी घरातला लाकडी पाट शाळेत पोचवायचा. घराची मूर्ती त्या पाटावर बसते आणि पाटासकट घरी येते. नागपंचमीच्या सुमाराला पाट देणारी घरे पुष्कळ. त्याच वेळी शाळेत मातीचे नागही तयार होत असतात, त्यामुळे एका खेपेत दोन कामे होतात.

व्यवहाराच्या नजरेने पाटाचे महत्त्व फार मोठे आहे. पाटाची लांबी-रुंदी मूर्तीच्या बैठकीचे माप सांगते. त्यावर घराचे नाव असते. शाळेत पाट आला म्हणजे एक मूर्ती राखीव झाली, ती आता दुसऱ्याला द्यायची नाही. आणि पाट देताना जे बोलणे होते ते बहुतेक वेळा एवढेच असते : “तात्यानू, गेल्या वर्सासारखोच करा.” फार तर पीतांबर हिरवा की पिवळा, एवढा बदल.

म्हणून इथल्या शाळेचा अंदाज हा नुसता अंदाज नसतो. गेल्या वर्षी ज्या घरी मूर्ती गेली त्या घरी या वर्षीही जाणार, हे जवळजवळ नक्की असते. घरात सुतक आले, भाऊ वेगळे होऊन दोन गणपती झाले, कोणी शाळा बदलली, एवढेच फरक पडतात. पाट यायच्या आधी मूर्तिकार कामाला लागतो तो या भरवशावर. पण प्रत्येक शाळेत याखेरीज काही मूर्ती पाटाशिवायच्या असतात : नव्याने गणपती आणणारे घर, ऐन वेळी मुंबईहून ठरवून येणारे चाकरमानी, दुसऱ्या शाळेत काम अडले म्हणून धावत आलेला माणूस. खरी जोखीम या मूर्तींची. पाटाच्या आणि पाटाशिवायच्या मूर्तींचा हिशेब एकत्र ठेवला की गोंधळ सुरू होतो.

पर्याय कसे वाढतात

समजा, एका शाळेत चार उंच्या आहेत. पाच प्रकारच्या बैठका आहेत : साधे आसन, सिंहासन, लोड-तक्क्याला टेकलेली, मोरावरची आणि उंदराच्या रथातली. पीतांबराचे सहा रंग. मुकुटाचे तीन प्रकार. चार गुणिले पाच गुणिले सहा गुणिले तीन, म्हणजे ३६० वेगवेगळ्या मूर्ती झाल्या. यात शेल्याचा रंग, प्रभावळ, खड्यांचे काम आणि हल्ली आलेले कापडी धोतर-फेटे धरलेलेच नाहीत. उजव्या सोंडेची मूर्ती घरात कडक सोवळ्याची मानली जाते म्हणून ती फार थोडे जण मागतात, नाहीतर हा आकडा दुप्पट झाला असता.

प्रत्येक प्रकारची एकेक मूर्ती तयार ठेवायची म्हटले तरी लहान शाळेच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. पण याच ३६० मूर्ती रंगकामाच्या आधीच्या टप्प्यावर मोजा. मुकुट वेगळा करून नंतर बसवायचा असेल, तर उंची आणि बैठक एवढेच भेद उरतात. चार गुणिले पाच म्हणजे फक्त वीस प्रकार.

मूर्ती घडवण्याची पद्धतही याला सोयीची आहे. साच्यातून धड निघते, हात बऱ्याचदा वेगळे जोडले जातात, आयुधे, मोदक, उंदीर, प्रभावळ हे सुटे भाग असतात. एका धडाला वेगळे हात लावले की मुद्रा बदलते. सुटे भाग वेगवेगळे आणि मुख्य भाग मोजके, ही मांडणी ज्याने साच्यापासूनच ठरवली त्याला पुढचे सगळे सोपे जाते. फक्त हाताने घडवणाऱ्या जुन्या मूर्तिकाराला ही सोय कमी. त्याची मूर्ती पहिल्या गोळ्यापासूनच त्या घराची असते, आणि तिचे मोलही वेगळे आहे.

पांढऱ्या मूर्तीवर थांबणे

वाळलेल्या मूर्तीला पांढरा हात दिला की ती कोणत्याही रंगाला तयार असते. इथे थांबण्याचा फायदा आकड्यांतच दिसतो.

समजा, पाटाशिवायच्या वीस मूर्ती आहेत, सगळ्या दीड फुटी आणि सिंहासनावरच्या. पीतांबराचे पाच रंग आहेत आणि कोणता किती जाईल ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक रंगाच्या चार-चार रंगवून ठेवल्या. गिऱ्हाईक बरोबर वीसच आले, पण आठ जणांना पिवळा हवा, पाच जणांना लाल, चौघांना हिरवा, दोघांना निळा आणि एकाला केशरी. पिवळ्या चार गेल्या, लाल चार, हिरव्या चार, निळ्या दोन, केशरी एक. विकल्या गेल्या पंधरा. दोन निळ्या आणि तीन केशरी मूर्ती फळीवर राहिल्या आणि पाच गिऱ्हाईक परत गेले. एकूण मागणीचा अंदाज अगदी बरोबर ठरूनही पाच मूर्तींचे नुकसान झाले. त्याच वीस मूर्ती पांढऱ्या ठेवल्या असत्या, तर वीसच्या वीस गेल्या असत्या.

एकूण किती माल लागेल याचा अंदाज सहसा बराचसा जुळतो. कोणत्या रंगाचा किती, हा अंदाज फसतो. म्हणून जिथून रंगांच्या वाटा फुटतात त्याच्या अलीकडे साठा ठेवायचा.

कणकवली-कुडाळच्या रंगांच्या दुकानांत आज हेच चालते. पूर्वी दुकानदार प्रत्येक छटेचे डबे भरून ठेवी. आता तो पांढऱ्या पायाचे डबे आणि थोडे रंगद्रव्य ठेवतो, आणि तुम्ही निवडलेली छटा यंत्रावर पाच मिनिटांत मिसळून देतो. इटलीतल्या बेनेटन कंपनीचे नाव या बाबतीत जगभर घेतले जाते. तिने लोकरी कपडे रंगवलेल्या सुताऐवजी कोऱ्या सुतात विणून ठेवले आणि मोसमात कोणता रंग चालतो ते दिसल्यावर ते रंगवले.

मग सगळेच शेवटी का रंगवू नये?

कारण हात तेवढे नसतात, आणि माझ्या मते शाळा चालवणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग हाच आहे.

अंगाचा रंग फवाऱ्याने चटकन होतो. पीतांबर, शेला, दागिने ही कामे घरातली मुले, सुना, शेजारची तरुण मंडळी वाटून घेतात. पण डोळ्यांची आखणी बहुतेक शाळांत एकाच हाताने होते. तो हात थकला की काम थांबते. समजा, ३०० मूर्ती आहेत आणि एका मूर्तीच्या डोळ्यांना अर्धा तास लागतो. हे १५० तासांचे काम झाले. रोज दहा तास बसले तरी पंधरा दिवस. सगळ्या मूर्ती शेवटच्या आठवड्यापर्यंत पांढऱ्या ठेवल्या, तर निम्म्या घरांना डोळ्यांवाचून मूर्ती न्यावी लागेल.

म्हणून काम दोन भागांत तोडावे लागते. ज्या मूर्तींचे घर, रंग, मुकुट सगळे ठरलेले आहे त्या आधी रंगवून, डोळे आखून, झाकून ठेवायच्या. त्यांत जोखीम नाही, मग त्या थांबवण्यात अर्थही नाही. ज्यांचे घर ठरलेले नाही त्या पांढऱ्या ठेवायच्या आणि शेवटचे दिवस त्यांच्यासाठी मोकळे राखायचे. अनेक ठिकाणी याच्या उलटे होते. नेहमीचे गिऱ्हाईक “काय, घरचेच आहेत” म्हणून मागे राहते, आणि दुकानात मांडायला म्हणून पाटाशिवायच्या मूर्ती आधी रंगवल्या जातात. मग शेवटच्या चार रात्री जागरणाच्या होतात, आणि ज्या घराने श्रावणातच पाट दिला त्या घराच्या मूर्तीचे डोळे घाईत आखले जातात. हे मला पटत नाही. ज्याने आधी शब्द दिला त्याचे काम आधी आणि निवांत व्हायला हवे.

नमुन्यासाठी चार-पाच मूर्ती पूर्ण रंगवून ठेवाव्यात, त्याला हरकत नाही. सर्वांत खपणारा रंग, म्हणजे वरच्या उदाहरणातला पिवळा, थोड्या संख्येने आधी केला तरी तो जातोच. अंदाज फसतो तो कमी खपणाऱ्या रंगांचा.

पाऊस आणि पंचांग

माल आधी करून ठेवावा लागतो याचे दुसरे कारण आकाशात आहे. माती पावसाआधी आणून, चाळून, झाकून ठेवावी लागते. शाडू बहुतांशी गुजरातेतून, भावनगरकडून येते. काही मूर्तिकार इथलीच चिकणमाती वापरतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर याच दिवसांत. या दमट हवेत मातीची मूर्ती वाळायला फार वेळ घेते. घाईने एका बाजूने ऊब दिली तर तडे जातात. आतून ओली असताना रंग दिला तर पापुद्रे सुटतात. पंखे आणि बल्ब लावूनही हा काळ फारसा कमी करता येत नाही. म्हणून घडाई आधी उरकायची आणि वाळायला वेळ द्यायचा.

त्यात मुदत दरवर्षी सरकते. चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे. मग अधिक महिना येतो आणि ती एकदम पुढे जाते : २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबर. २०२५ साल या दृष्टीने अवघड होते. त्या वर्षी मोसमी पाऊस फार लवकर आला, २५ मे रोजीच त्याची उत्तर सीमा देवगडपर्यंत पोचली होती. इकडे चतुर्थी ऑगस्टात. पाऊस आधी आणि मुदतही आधी, म्हणजे कोरडे दिवस दोन्ही बाजूंनी कापले गेले. ज्याने एप्रिलमध्येच घडाई सुरू केली असेल त्यालाच अशा वर्षी श्वास घ्यायला फुरसत मिळते. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या चतुर्थीच्या तारखा शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

मातीचा मोठा गुण

आधी करून ठेवलेला माल पडून राहिला तर काय, या भीतीवर मातीने आपल्यापरीने उत्तर दिलेले आहे. न भाजलेली कच्ची मूर्ती पाण्यात भिजवली की पुन्हा माती होते आणि त्या मातीची पुढच्या वर्षी दुसरी मूर्ती घडते. मजुरी वाया जाते, माल जात नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस एकदा घट्ट झाले की परत कामाचे होत नाही. म्हणून प्लास्टरचा उरलेला साठा जसाच्या तसा पुढच्या वर्षापर्यंत सांभाळावा लागतो, आणि तोवर लोकांची आवड बदलते.

आवडीखेरीज नियमही बदलतात. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत राज्य शासनाने घरगुती मूर्तीला दोन फूट आणि सार्वजनिक मूर्तीला चार फूट अशी उंचीची मर्यादा घातली. मोठ्या मूर्ती आधीच करून ठेवलेल्यांना त्याचा फटका बसला. प्लास्टरच्या मूर्तींबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मनाईच्या सूचना काढल्या, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्याला व विकण्याला मोकळीक देताना नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन होऊ नये असे बजावले. सहा महिने आधी माल करणाऱ्याला असे बदल मोठे महाग पडतात. मातीत काम करणाऱ्याला त्यांची झळ कमी लागते.

वहीत काय लिहावे

“दोन फुटी बारा शिल्लक” ही नोंद निरुपयोगी आहे. त्या बारांत मोरावरच्या किती, सिंहासनाच्या किती, रंगवलेल्या किती, राखीव किती, हे कळल्याशिवाय दारात आलेल्या माणसाला हो म्हणता येत नाही. मूर्ती ज्या टप्प्यावर आहे त्या टप्प्याला तिच्यात जे भेद पडले असतील ते सगळे लिहायला हवेत. पांढऱ्या मूर्तीला उंची आणि बैठक पुरते. रंगवलेल्या मूर्तीला पीतांबर आणि मुकुटही हवा.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. मूर्तीखाली चिठ्ठी ठेवून तिच्यावर लहानसा संकेत लिहिला तरी पुरतो : दीड-सिंहा-पांढरी, किंवा दोन-मोर-हिरवा-फेटा. तोच संकेत वहीत. घराचे नाव लागले की मूर्ती मोकळ्या यादीतून काढून राखीव यादीत. आणि ग्राहकाला दुसरा पर्याय सुचवताना काय बदलता येते नि काय नाही, याची जाण हवी. पिवळ्याऐवजी केशरी पीतांबर घर मान्य करील. उंची सहसा मान्य करणार नाही, कारण ती घराण्याची ठरलेली असते, आणि घरातली माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) व मखर त्या मापाने बांधलेले असतात.

पेण आणि परदेश

रायगड जिल्ह्यातल्या पेण, हमरापूर, जोहे भागाचा धंदा वेगळ्या पायावर उभा आहे. तिथे पाट येत नाही. वर्षभर मूर्ती घडतात आणि राज्यभरातले व्यापारी त्या घेऊन जातात. त्यांतल्या पुष्कळ कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती म्हणून जातात आणि रंग त्या-त्या गावच्या कारखान्यात लागतो. घडाई एकीकडे आणि रंगाचा निर्णय गिऱ्हाइकाच्या जवळ, ही विभागणी तिथल्या सगळ्या व्यापाराने केलेली आहे.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी जाणाऱ्या मूर्तींना मात्र ही सोय नाही. जहाजाने जाणारा माल काही महिने आधी निघतो आणि पलीकडे रंगवणारा कोणी नसतो. तिथे सगळे रंग, सगळे डोळे आधीच पूर्ण करावे लागतात. अशा वेळी पर्याय कमी ठेवणे हाच मार्ग उरतो : दोन-तीन उंच्या, दोन बैठका, सर्वांना चालतील असे रंग.

सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफा

सावंतवाडीच्या चितारआळीत हाच विचार लाकडात दिसतो. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेले आंबे, फणस, केळी रंगापूर्वी फक्त आकार असतात. पिकलेला आंबा की कैरी, हे कुंचला ठरवतो. इथला हंगाम मात्र चतुर्थीसारखा एका दिवसाचा नाही. पर्यटक वर्षभर येतात आणि हातात घेऊन लगेच विकत घेतात, त्यामुळे तयार, रंगवलेला माल दुकानात असावाच लागतो.

गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, गोष्ट निराळी आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या पुढाकाराने ही कला टिकली. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची १२० पाने, मोगल गंजिफेत आठ रंगांची ९६, नवग्रह गंजिफेत १०८, राशींच्या गंजिफेत १४४. प्रत्येकात एका रंगाची पाने बाराच : राजा, प्रधान आणि एक ते दहा. गोल चकत्या सगळ्यांना सारख्या चालतात, चित्र काढल्यावरच संच ठरतो. पण एका संचाची पाठ हुबेहूब एकसारखी हवी, नाहीतर खेळताना पान ओळखू येईल. म्हणून चकत्या आगाऊ करायच्या तर एका संचाला पुरतील एवढ्या एका घाण्यात कराव्या लागतात.

आपण काय करायचे

मूर्तिकाराच्या जोखमीचा मोठा भाग आपल्या हातात असतो. यंदा उंची किंवा बैठक बदलायची असेल, तर ते घडाईच्या आधी, उन्हाळ्यातच सांगा. मूर्ती वाळल्यावर तो बदल होत नाही. रंग, शेला, फेटा यांचे पाट देताना सांगितले तरी चालते. घरात काही घडून गणपती आणता येणार नसेल तर लगेच कळवा, म्हणजे ती मूर्ती दुसऱ्या घरी जाऊ शकेल. पाट वेळेवर द्या, त्यासोबत थोडा तरी बयाणा द्या. माती आणि रंग मूर्तिकार आपल्या पदरच्या पैशाने आधी भरतो आणि त्याचे पैसे चतुर्थीला सुटतात. आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री शाळेत जाऊन पीतांबराचा रंग बदलायला सांगू नका.